एकोणऐंशी डोळे

देवबागची पट्टी चिंचोळी.
पुढल्या दारी समुद्र, मागल्या दारी खाडी,
मधल्या ओसरीवर मी
मांडीवर सुंभ वळत बसलेली.

सोडणं महिनोन्‌महिने चिखलात कुजतात,
मग मोगरीनं कुटायची, धुवायची, उन्हात पसरायची.
पाहुणे नाक दाबतात.
बायो त्याच वासात जन्मली,
तिला तो दुधाइतकाच ओळखीचा.

मालवणात दिगसकरांचं दुकान.
चाळीस हत्ती हवेत म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीआधी.
हत्ती आमच्या बाजूला नाहीत.
दोडामार्गात आहेत म्हणे, केळी तुडवतात.
माझे कुणाचं काही तुडवत नाहीत,
फक्त घरात पाय ठेवायला जागा उरत नाही.

बायो जागी असताना मी पाय करते.
पाय न बघताही होतात.
सोंडेला धीर लागतो,
तो ती झोपल्यावरच सापडतो.
तिच्या एका झोपेत दीड सोंड.
उरलेली अर्धी हातात धरून
मी तिला थोपटते, पुन्हा झोपेल म्हणून.
झोपत नाही.

ती हत्तींना पेज भरवते.
एकाला बालदीत बुचकळून काढलं,
तो फुगून डुकरासारखा झाला.
दोन दिवस कौलांवर वाळत होता,
कावळे त्याच्याकडे बघून बघून जायचे.

डोळ्यांसाठी गुंजा होत्या.
पेंडूरहून, माहेरच्या कुंपणावरून आणलेल्या.
लाल, टोकाला काळा ठिपका,
आयता डोळा, नुसता चिकटवायचा.
ऐंशी मोजून डब्यात ठेवल्या होत्या.

मासेवालीनं हाक मारली,
मी बांगड्यांचा भाव करून आले.
एवढंच.

झाकण उघडं. बायो डब्यापाशी. तोंड मिटलेलं.
मोजल्या. एकोणऐंशी.
पुन्हा मोजल्या.
एकोणऐंशी.

चावली तर विष.
अख्खी गिळली तर आपली निघून जाते, म्हणतात.
त्या ‘म्हणतात’च्या आधारावर
कुठली आई शांत बसेल?

तिच्या तोंडात बोट घातलं.
ती चावली आणि हसली.
किती दाढा आल्यात ते मला
त्या दुपारी बोटानं कळलं.
नवरा ट्रॉलरवर, फोनला रेंज नाही.
शेजारची फिलोमिना धावत आली,
सूप घेऊन अंगणातली वाळू पाखडू लागली.
‘डोळ्यांत तेल घालून बघूक होया गो पोराक,’
म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.
बाबल्याची रिक्षा दारात येऊन फुरफुरत उभी.

मी बायोला कडेवर घेतलं, पायरी उतरले.
तिनं माझ्या कोपरावर बोट टेकवलं.
‘डोलो,’ म्हणाली.

डिंकानं चिकटलेली.
माझ्याच कोपराला, सकाळपासून असेल,
तिथून सगळं बघत.

मी पायरीवरच बसले.
हसले की रडले ते फिलोमिनाला विचारा.
बाबल्याला पन्नास रुपये दिले, न बसताच.
तो घेत नव्हता, मग घेतले.

संध्याकाळी ऐंशीच्या ऐंशी चुलीत घातल्या.
तडतडल्या.
बायोला फार आवडलं,
अजून हवं म्हणाली.

मग काळ्या दोऱ्याचे डोळे.
रात्री, बल्बखाली, एकेक टाका.
काहींची नजर तिरकी आली.
एक तर कायम छताकडे बघतो.

दिगसकरांनी हत्ती उलटे-सुलटे केले.
‘नमुन्याचे डोळे जिवंत वाटत होते,’ म्हणाले,
‘नगामागे पाच कापतो.’
चाळीस पंचे दोनशे.
मी काही बोलले नाही.
पिशवीची घडी केली.

येताना एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली.
बायो मांडीवर, तिच्या मुठीत
तो फुगलेला, कौलांवर वाळलेला एक्केचाळिसावा,
त्याला डोळे लावलेच नाहीत.
तारकर्लीपर्यंत ती त्याचा कान चावत होती.
मी चावू दिला.
सुंभ आहे. मीच धुतलेला.